सात गोळ्यांचे फुफाजी

गोंदिया जिल्ह्यात औषधाची गोळी ठरल्या वेळी घेणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे फुफाजी म्हणतात. बाकीचं जग गोळ्या खातं, गिळतं, विसरतं, संध्याकाळी आठवल्यावर दोन एकदम घेतं, नाहीतर ‘आज बरं वाटतंय’ म्हणून डबीतच राहू देतं. फुफाजी गोळी ‘सोडतात’. शब्द त्यांचाच. इटियाडोह धरणाच्या नहरीवर त्यांनी कालवा निरीक्षक म्हणून सगळी नोकरी काढली. कोणत्या गावच्या बांध्यांना, म्हणजे भाताच्या शेतांना, कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ पाणी सोडायचं, याला तिकडे पाळी म्हणतात, आणि ही पाळी फुफाजींच्या रक्तात इतकी भिनली की निवृत्तीनंतर तिचं काय करावं हे त्यांना कळेना. फुलचूरला घर बांधून ते राहायला आले आणि सहा महिने नुसते अंगणात येरझाऱ्या घालत होते. मग देवाला दया आली. आधी ब्लडप्रेशर निघालं, त्याच्या मागोमाग साखर निघाली, मग कोलेस्टेरॉल. दिवसाला सात गोळ्या लागल्या आणि फुफाजींना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. बायको काळजीत, मुलगी नागपूरहून फोनवर रडतेय, आणि हे भिंतीवर पट्टीने रेघा मारून सात गोळ्यांचं पाळीपत्रक आखत बसलेले.

सकाळी आठची मुख्य पाळी. तेव्हा फुफाजी धुतलेला सदरा घालून ओट्यावर येतात. डाव्या हातात पाण्याचा पेला, उजव्या तळहातावर गोळ्या. दाबाची, लघवीची, रक्त पातळ करायची, अशी प्रत्येकीला कामावरून हाक. गोळी जिभेवर ठेवायची, मान मागे टाकायची, घोट घ्यायचा, आणि ती खाली उतरल्याची खात्री झाली की नहरीच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, “सोडलीऽऽ!” हा आवाज त्यांच्या गल्लीत सगळ्यांच्या सवयीचा झाला आहे. समोरच्या काकू त्यावर कुकर बंद करतात. मी दोन गल्ल्या सोडून राहतो, शाळेत शिकवतो, आणि वारा बरोबर दिशेचा असला तर माझीही मोटरसायकल त्याच आवाजावर सुरू होते. एकदा फुफाजी आठवडाभर मुलीकडे नागपूरला गेले, तर अर्धी गल्ली उशिरा कामावर पोचली.

वेळेच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत. सालेकस्याकडे आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. पंगत बसली, पानं वाढून झाली, वरण-भातावर तूप पडलं, आणि लोक पहिला घास उचलणार तेवढ्यात फुफाजी ताडकन उभे राहिले आणि त्यांनी पंजा वर केला. “थांबा!” दोनशे माणसांचे हात हवेत थांबले. मला वाटलं भातात काहीतरी निघालं. फुफाजींनी खिशातून गोळी काढली. “साखरेची गोळी जेवणाच्या आधी पाव तास घ्याची राहते,” ते म्हणाले, “अन् वाढणाऱ्यानं पंधरा मिनटं आधीच वाढून टाकलं.” कोणीतरी मागून म्हणालं, “तुमची गोळी, त तुम्ही थांबा ना जी. आम्ही कायले थांबू?” फुफाजी शांतपणे म्हणाले, “माझ्या पानाभोवती सारे जेवून राहिले, त मी कसा थांबन?” आणि नवल असं की पंगत थांबली. त्या पंगतीत निम्मे लोक नहरीखालचे शेतकरी होते. या माणसाने हात वर केला की पाणी येईपर्यंत थांबायचं, ही त्यांची अर्ध्या आयुष्याची सवय. पंधरा मिनिटं भात गार होत होता, नवरदेवाचे वडील घामाघूम झाले होते, आणि फुफाजी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभे होते. मग त्यांनी हात खाली केला आणि दोनशे माणसं एकदम जेवायला लागली.

फुफाजींचा शरीराविषयी एक सिद्धांत होता. ‘होता’ म्हणतो, कारण पुढे तो गेला, आणि तो कसा गेला हेच मला सांगायचं आहे. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे त्यांना शरीर हे एक मोठं कार्यालय वाटत असे. दाबाचं खातं वेगळं, साखरेचं वेगळं, पोटाचं वेगळं, घशाचं वेगळं. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात जात नाही, आणि गेलाच तर वर्षानुवर्षं परत येत नाही. त्यामुळे सर्दी झाली की ती घशापुरती, आणि पायाला काटा रुतून पू झाला की तो तळपायापुरता. माझ्या आत्याने एकदा ग्रहणात पाणी प्यायचं नाही म्हणून पेला उचलून ठेवला, तर म्हणाले, “चंद्राचं खातं वेगळं. तिथला आदेश इथं लागू होत नाही.” आणि सोडली गोळी. डॉक्टरांनाही ते तपासायला परवानगी खातेनिहाय देत. पोट दुखतं म्हणून गेले असताना डॉक्टरांनी ब्लडप्रेशरचा पट्टा काढला, तर हात मागे घेतला. “ते सध्या सुरळीत सुरू आहे. त्याले कायले छेडता?”

एवढ्या शिस्तीच्या माणसाची एक कमजोरी होती, आणि तिचं नाव गुपचूप. पाणीपुरीला आमच्याकडे गुपचूप म्हणतात, आणि फुफाजी नावाला जागून ती गुपचूप खात. घरी कारल्याची भाजी, दोन पोळ्या, ताक, असं मोजून जेवणारा हा मनुष्य आठवड्यातून एकदा ‘पोस्टात जाऊन येतो’ म्हणून बाजाराकडे जाई. पोस्टात त्यांचं काही नव्हतं. तिथल्या कोपऱ्यावर एक ठेला होता, आणि त्या ठेल्यावर द्रोण हातात धरून, डोळे मिटून उभे असलेले फुफाजी मी स्वतः पाहिले आहेत. मला पाहून ते दचकले नाहीत. तोंडातली पुरी पूर्ण संपवली, मिशी पुसली आणि म्हणाले, “मास्तर, हे निरीक्षण आहे.”

तर त्या निरीक्षणाच्या दुसऱ्या दिवशी, ऐन उकाड्यात, फुफाजींचं पोट बिघडलं. नुसतं बिघडलं नाही. सकाळपासून दुपारपर्यंत ते इतक्या वेळा अंगणामागे गेले की आत्याने मोजणं सोडलं. उलट्याही सकाळपासूनच सुरू होत्या, आणि संध्याकाळी अंगात चांगलाच ताप भरला. आत्याने मला बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा फुफाजी खाटेवर उशी उभी करून बसले होते, डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, पण चेहऱ्यावर काळजी अशी नव्हतीच. होता तो राग. कारण त्यांच्या हातात साखर मोजायचं यंत्र होतं.

“मास्तर,” ते म्हणाले, “हे यंत्र खोटं बोलून राहिलं.”

सकाळपासून त्यांच्या पोटात दोन चमचे भाताची पेज गेली होती, आणि तीही राहिली नव्हती. तरीही यंत्र साखर तीनशेच्या वर दाखवत होतं. फुफाजींना हे सरळसरळ अन्यायाचं वाटत होतं. वरून थेंब नाही आला, आणि खाली पूर कसा? प्रथम त्यांचा संशय आत्यावर गेला. “पेजेत गूळ टाकला का वं तू?” आत्या म्हणाली, “माय वं! चिमूटभर मीठ टाकलं जी.” मग ते स्वतः उठून भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेले, गुळाच्या डब्याचा वास घेतला, साखरेचा डबा हलवून पाहिला, आणि परत येताना त्यांना चक्कर आली म्हणून आम्ही दोघांनी धरून आणलं. मग त्यांनी यंत्राची चौकशी लावली. प्रत्येक वेळी नवी सुई घेऊन, नियमाने, पहिल्यांदा आत्याचं बोट टोचलं. आत्याची साखर बरोबर निघाली. समोरच्या काकूंना हाक मारली. त्या बिचाऱ्या ‘कसं वाटतंय’ विचारायला आल्या होत्या, त्यांचं बोट टोचलं. त्यांचीही बरोबर. मग माझं. माझी साखर जरा जास्त निघाली. एका क्षणात खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा आजाऱ्यावरून माझ्याकडे वळल्या. समोरच्या काकूंनी ही बातमी माझ्या घरी माझ्याआधी पोचवली, आणि त्या दिवसापासून आजतागायत माझ्या चहात साखर पडलेली नाही. फुफाजींच्या त्या आजाराने झालेलं हे एक नुकसान कुठेच नोंदलं गेलेलं नाही, म्हणून इथे नोंदतो.

मी म्हणालो, “फुफाजी, डॉक्टरांकडे जाऊ.” ते म्हणाले, “कायले? जुलाब हे पोटाचं खातं. एक दिवस चालते, मंग बंद होते.” मी म्हणालो, “निदान त्या लघवीच्या गोळीचं डॉक्टरांना विचारू, अंगातलं पाणी इतकं गेलं आहे.” माझं हे बोलणं त्यांना इतकं अपमानाचं वाटलं की ताप असूनही ते ताठ बसले. “मास्तर, ह्या माणसानं एक पाळी चुकवली नाही आजवर. पोट बिघडलं म्हणून दाबाच्या खात्याले सुट्टी? असं काऊन?” आणि त्यांनी सांगितलं, अभिमानाने सांगितलं, की सकाळी आठची पाळी सोडल्यावर पाच मिनिटांत उलटी झाली, तर त्यांनी ती पाळी वाया गेली असं धरून सगळ्या गोळ्या पुन्हा एकदा सोडल्या. लघवीची धरून. दाबाची धरून. मी कपाळाला हात लावला. पण मला तरी काय माहीत होतं? मी भूगोल शिकवतो. माझं एवढंच ज्ञान होतं की ते फार सुकलेले दिसत आहेत. मी लिंबू-साखर-मिठाचं पाणी करून दिलं. साखर आहे म्हणून त्यांनी ते प्यायला नकार दिला. मी चिडून घरी आलो, आणि ते चिडणं मला पुढे बरेच दिवस बोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले. मी मोटरसायकलची किल्ली हातात घेऊन दारात उभा होतो. आवाज आला नाही. वारा आमच्याच दिशेने होता. सव्वाआठ झाले. मी शाळेचा रस्ता सोडून तिकडे निघालो, तर वाटेतच समोरच्या काकू पदर सावरत धावत येताना दिसल्या.

फुफाजी ओट्यावर पडले होते. सदरा धुतलेलाच होता. खाटेवरून उठून, सदरा बदलून, पेला घेऊन ते पाळीला आले होते, आणि उभे राहताच खाली गेले होते. आत्या त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ते शुद्धीवर होते, पण हात-पाय बर्फासारखे गार, आणि जीभ इतकी कोरडी की शब्द चिकटत होते. मला पाहून ते काहीतरी पुटपुटले. मी कान जवळ नेला. ते म्हणत होते, “लघवीची घेतली. दाबाची राहिली.” मी ती गोळी त्यांच्या मुठीतून काढायला गेलो, तर मूठ उघडेना. शेवटी आत्याने त्यांचं एकेक बोट उलगडलं. मग गल्लीतल्या चौघांनी त्यांना ऑटोत घातलं आणि आम्ही गोंदियाला एका दवाखान्यात नेलं. ऑटोवाला मला हिंदीतून सतत विचारत होता, “काका ठीक हैं ना? काका ठीक हैं ना?” आणि मी हो हो म्हणत होतो, कारण आत्या ऐकत होती.

दवाखान्यातली डॉक्टरीण तिशीची असेल. तिने आल्या आल्या रक्तदाब मोजला. वरचा आकडा ऐंशीच्याही खाली. तिने चटकन सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि मग आमच्याकडे वळून गोळ्यांची पिशवी मागितली. आत्याने सगळी पिशवी पलंगावर उपडी केली. डॉक्टरीण एकेक पाकीट उचलून बघत गेली, आणि तिचा चेहरा गंभीर होत गेला. “हे सगळं जुलाब चालू असतानाही घेतलं?” आत्या म्हणाली, “हो जी. अन् उलटी झाली त परत घेतलं.” डॉक्टरिणीने त्यातली तीन पाकिटं उचलून बाजूला ठेवली. तपासणीचा कागद आला, तेव्हा तिने मला बाजूला नेऊन सांगितलं की किडन्यांवर ताण आला आहे, आजचा दिवस महत्त्वाचा आहे, लघवी सुरू झाली तर बरं. मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. दर अर्ध्या तासाने मी नर्सला जाऊन तोच प्रश्न विचारत होतो. कुणाच्या लघवीची इतक्या आतुरतेने वाट पाहण्याचा प्रसंग माझ्यावर त्याआधी आला नव्हता. दुपारी तीनच्या सुमाराला आत्या बाहेर आली आणि मला म्हणाली, “झाली रे बाबू,” आणि भर दवाखान्यात आम्ही दोघं बारसं असल्यासारखे हसलो, आणि मग ती रडली.

संध्याकाळपर्यंत फुफाजी इतके सुधारले की भांडायला लागले. डॉक्टरीण फेरीला आली, तर यांनी विचारलं, “बाई, पोट बिघडलं माझं. तुम्ही मात्र किडनीची अन् साखरेची चौकशी करून राहिल्या. ते खाते वेगळे आहेत.”

तिने खुर्ची ओढली. “कुठं नोकरी केली जी तुम्ही?” तिच्या तोंडून गावाकडची बोली ऐकून फुफाजी खुलले. त्यांनी सांगितलं. ती हसायला लागली. “मंग तुमचीच नहर! आमचं गाव टेलला. शेवटच्या टोकाले. आमच्या बाबांनी जन्मभर तुमच्या पाण्याची वाट पाहिली. पोचलंच नाही कधी.”

फुफाजींचा चेहरा पडला. इतका मोठा आजार त्यांनी पेलला होता, पण टेलला पाणी पोचलं नाही हे ऐकून ते उशीत बुडाले. “वरच्या गावचे लोक गेट फोडत होते,” ते हळूच म्हणाले.

“ते जाऊ द्या. मले एक सांगा. धरणात पाणीच नाही, अन् कोणी गेट उघडे ठेवले, त?”

“निलंबित करीन त्याले!”

“मंग तुम्ही तेच करून राहिले होते. जुलाब-उलटीनं अंगातलं पाणी गेलं. धरण रिकामं. अन् तुम्ही लघवीच्या गोळीनं आणखी पाणी बाहेर सोडलं. दाब आधीच खाली, त्याले आणखी खाली आणाची गोळी दोनदा घेतली. ही साखरेची एक गोळी आहे, तीही अंग असं सुकलेलं असताना चालत नाही.”

फुफाजी म्हणाले, “अन् साखर? न खाता वर कशी गेली?”

“जंतू शिरले की अंग लढाईले लागते. लढणाऱ्याले इंधन पाहिजे, म्हणून लिव्हर आपल्याजवळची साखर रक्तात काढते. तुम्ही खा, नाहीतर नका खाऊ. कोणाची वर जाते, गोळी घेऊन जेवलं नाही त कोणाची एकदम खालीही येते. म्हणून मोजाचं. यंत्र खोटं नव्हतं बोलत. जंतू कोणत्याच खात्यात अर्ज देऊन येत नाही जी. तो आला की साऱ्या कार्यालयाले कळते.”

त्या वाक्यावर फुफाजींचा सिद्धांत गेला. मी स्वतः तिथे होतो. आत्याने सुस्कारा सोडला. चाळीस वर्षांत तिला जे जमलं नव्हतं ते टेलच्या मुलीने चार मिनिटांत केलं होतं. पण मग डॉक्टरीण म्हणाली, “ह्या तीन गोळ्या आता तीन दिवस सोडा,” आणि सगळा घोळ झाला. फुफाजी म्हणाले, “रोजच सोडतो ना.” ती म्हणाली, “नाही नाही, सोडून द्या.” “हो, वेळेवर सोडून देतो.” “अहो, घेऊच नका!” हा संवाद तीन वेळा झाला. शेवटी आत्यानेच तिच्या कानात फुफाजींच्या भाषेचा उलगडा केला. डॉक्टरीण हसता हसता थांबली आणि अगदी स्पष्ट बोलली: ह्या तीन गोळ्या बंद. खाणं-पिणं नीट सुरू झालं की ती तपासून पुन्हा चालू करेल. बाकीच्या चालू. आणि पुढे कधीही ताप, जुलाब, उलट्या झाल्या, तर स्वतःच्या मनाने काही चालू ठेवायचं नाही आणि स्वतःच्या मनाने काही बंदही करायचं नाही. आधी फोन. “काही गोळ्या अशा राहते, का त्या एकदम बंद केल्या त जिवावर बेतते. तुमच्या पाळीपत्रकात तो रकाना नाही.”

फुफाजी घरी आल्यावरचे दिवस दवाखान्यातल्यापेक्षा कठीण होते. पहिल्या सकाळी आठ वाजता मी गेलो, तर ते ओट्यावर रिकाम्या हाताने उभे होते. काय करावं त्यांना कळत नव्हतं. रक्त पातळ करायची एकटी गोळी त्यांनी घेतली, पण ओरडले नाहीत. समोरच्या काकूंच्या कुकरची शिटी होतच राहिली. मी त्यांना हसवायला म्हणालो, “फुफाजी, सुट्टी मिळाली, मजा करा.” ते हसले नाहीत. खाली पायरीवर बसले आणि मलाही बसवलं.

“मास्तर, मोठ्या भावाले पाहिलं नाही तू. माझ्याहून सहा वर्षं मोठा. दाबाची गोळी त्यालेही होती. एक दिवस म्हणाला, बरं वाटून राहिलं, आता कायले गोळी? सोडून दिली. महिनाभर छान हिंडला. मंग एका सकाळी बैलाले पाणी पाजता पाजता पडला. अर्धं अंग गेलं. दोन वर्षं खाटेवर होता. मी त्याले घास भरवत होतो, अन् तो एका बाजूनं रडे.” अंगणात आत्या तुळशीला पाणी घालत होती. “गोळी बंद करा म्हणाली ना ती बाई, त माझ्या पोटात धस्स झालं. मले वाटलं, आता मीही पडतो.”

इतकी वर्षं आम्ही ज्याला त्यांचं वेड समजून हसत होतो, ती त्यांची भीती होती. आत्या कधी येऊन त्यांच्या शेजारी बसली कळलं नाही. ती म्हणाली, “मी आहो ना जी इथं. तीन दिवस मी बसतो तुमच्याजवळ.” आणि खरंच बसली. तीन दिवस, दर सकाळी आठ वाजता, ती घरची कामं टाकून त्यांच्याजवळ पायरीवर येऊन बसे. चौथ्या दिवशी डॉक्टरिणीने तपासलं. किडन्या ताळ्यावर आल्या होत्या. एक गोळी आधी, उरलेल्या दोन आठवडाभराने, अशा सगळ्या परत सुरू झाल्या.

त्यानंतर फुफाजी पूर्वीसारखेच झाले, फक्त उलट्या दिशेने. आता ते खातेनिहाय काहीच मानत नाहीत. गल्लीत कुणी शिंकलं की खिडकीतून विचारतात, “दुसरी कोणती गोळी चालू आहे?” औषधाच्या दुकानात ते उभे राहिले की दुकानदाराला घाम फुटतो, कारण अंगदुखीची गोळी मागायला आलेल्या अनोळखी माणसाला ते बाजूला घेऊन त्याच्या किडनीची चौकशी करतात. एका लग्नात नवरदेवाला ताप होता. फुफाजींनी त्याला तिथेच अडवलं, “साखर आहे का? दाब आहे? मिर्गी आहे?” मुलीचे वडील हे सगळं ऐकत उभे होते, आणि ते लग्न होतं की मोडतं असं झालं होतं. गुपचूप मात्र सुटली. निदान ते तसं सांगतात.

मागच्या थंडीत शाळेच्या मधल्या सुट्टीत माझा फोन वाजला. फुफाजी होते. आवाज बसलेला, मधे खोकला. “मास्तर, कालपासून ताप आहे. साखर मोजली, थोडी जास्त आहे. पाणी पिऊन राहिलो. गोळ्या समोर ठेवल्या आहे, अजून घेतल्या नाही.” आणि मग जरा थांबून, ज्या माणसाने जन्मभर हात वर करून लोकांना थांबवलं तो म्हणाला, “का करू, तू सांग.”

मी म्हणालो, थांबा, डॉक्टरिणीला विचारून लगेच सांगतो. विचारलं, सांगितलं. साधा खोकला होता, सगळ्या गोळ्या चालू ठेवायच्या होत्या, पाच दिवसांत ते बरेही झाले. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ शाळेच्या व्हरांड्यात तसाच उभा राहिलो. त्यांनी विचारलं याचं मला फार बरं वाटलं होतं. आणि फुफाजी म्हातारे झाले, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. मुलं मैदानात ओरडत होती, घंटा होऊन गेली होती, आणि मला वर्गात जायचं सुचत नव्हतं.